घाटात शिरीष आडवा पडला आणि करवतीचा दम पाहिला, त्याची हकीकत

श्री. सांगणारास सत्याचे बळ आणि ऐकणारास धीर असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य द्वितीया, ते दिवशी एका संस्थानी वर्तमान घडले ते ऐसे. संस्थानाधिपती हैबतराव महाराज, त्यांच्या राणी सगुणाबाईसाहेब, आणि राणीसाहेबांच्या मातोश्री दर्याबाई लेकीचे भेटीस आलेल्या. मातोश्रींचा मुक्काम लांबला आणि मागे त्यांचे स्वतःचे राज्य खोळंबले, सबब निघण्याचा निश्चय जाहला, आणि जीप सजली, आणि दशम्या बांधिल्या, तो पहाटे वावटळ उठोन घाटातील थोरला शिरीष उन्मळला आणि एकुलत्या रस्त्यावर आडवा निजला. रस्ता मोकळा व्हावा ही तळमळ महाराजांस सर्वांहून अधिक, कारण मातोश्री असता त्यांस दुपारची निद्रा वर्ज्य होती. संस्थानी पेट्रोलाची करवत एकच. मग करवतखान्याचे दरोगे सटवोजी पलांडे यांस हुकूम जाहला, तो दरोगे करवत दोहों हातीं धरोन, मान खाली घालोन, चौकात हाजीर जाहले आणि अर्ज केला की, “सरकार, करवतीचा दम गेला. नवी येईतो पावसाळा सरेल.” महाराजांचा चेहरा उतरला. राणीसाहेब मात्र पदराआड प्रसन्न दिसल्या.

महाराज वदले, “दम गेला म्हणजे काय गेले?” दरोगे म्हणाले, “पिस्टन वर चढोन आतील हवा दाबितो, त्यास कॉम्प्रेशन म्हणावे. हवा दबली तर पेट्रोलाचा भडका उडतो, न दबली तर इंजिन मढे.” आणि त्यांनी प्लग काढिला, त्या भोकात दाब मोजावयाचे गेज बसविले आणि इंजिन फिरवावयाची दोरी ओढिली. काटा चढत चढत सत्तरावर थांबला आणि पुढे हलेना. “काटा दीडशेच्या आसपास जावयास हवा होता, सरकार,” ऐसे म्हणोन दरोग्यांनी सुस्कारा टाकिला.

दर्याबाईसाहेब वैधव्यानंतर आपले रान आपण राखीत आल्या होत्या, त्यांस करवतीचा सहवास जावयाहून जुना. त्या खुर्ची सोडोन पुढे आल्या आणि म्हणाल्या, “अॅक्सिलेटर दाबला होता का? हवा आत शिरलीच नाही तर दबेल काय, तुमचे कपाळ?” मग अॅक्सिलेटर पुरता दाबोन पुन्हा दोरी ओढिली, तरी काटा सत्तरच. मग मातोश्रींनी तेल मागविले आणि भोकातून थोडके आत सोडिले. “पिस्टनाच्या रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट बुजेल आणि काटा चढेल.” पुन्हा ओढिली, काटा चढला नाही. दरोगे हर्षभरे बोलोन गेले, “पहा, आईसाहेब, तेलानेही गुण नाही!”

“मग रिंगा धड आहेत,” मातोश्री म्हणाल्या. “दम दुसरीकडोन जातो. ओढा पुन्हा.” आणि त्या वाकोन कान देऊन उभ्या राहिल्या, तो दरोग्यांच्या डाव्या हाताखालून फुस्स ऐसा आवाज आला.

“सटवोजी, अंगठा उचला.”

दोरी हलकी जावी म्हणोन इंजिनावर आतील दाबली हवा बाहेर सोडावयाचे एक बारीक बटण असते. दरोग्यांचा अंगठा त्याजवर घट्ट होता. अंगठा उठला, बटण वर आले, दोरी ओढिली, आणि काटा दीडशेच्या पार गेला. दरोग्यांनी महाराजांकडे पाहिले नाही, मातोश्रींकडे पाहिले नाही, राणीसाहेबांकडे पाहिले.

तेव्हा राणीसाहेब खाली मान घालोन मातोश्रींस बोलिल्या, “त्यांस रागे भरू नका. मीच सांगितले होते. तुम्ही आलात, आणि जेवताना कोणी बोलू लागले. नाही तर हे जेवतात आणि निजतात, आणि मी भांड्यांचे आवाज ऐकत बसते.”

मातोश्रींचा हात गेजावर होता तो निघाला आणि लेकीच्या पाठीवर गेला. “वेडे, मला म्हणायचे होतेस. करवतीस कशाला आजारी पाडिलेस?” मग वळोन म्हणाल्या, “सगुणे, दोन लुगडी बांध. माझ्याबरोबर चल.”

मग करवतीने शिरिषाचे तुकडे केले, आणि बुंधा गडगडत दरीत गेला, आणि रस्ता मोकळा जाहला. राणीसाहेब मातोश्रींशेजारी जीपमध्ये बसल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की महाराजांनी तो आवाज प्रथमच ऐकिला. महाराजांनी विचारिले, “परत कधी?” राणीसाहेब म्हणाल्या, “बोलावयास काही सुचले म्हणजे कळवा.” जीप हलली, तेव्हा महाराज दरोग्यांच्या कानी लागोन पुसते जाहले, “सटवोजी, पुढल्या वळणावर एखादे झाड पाडता येईल का?”

दरोगे म्हणाले, “आले असते, सरकार. पण करवत आईसाहेबांनी गाडीत घातली.”

येणेप्रमाणे वर्तमान. करवत निर्दोष ठरली, दरोगे बचावले, राणीसाहेब माहेरी पोचल्या. महाराज त्या दुपारी अंथरुणावर पडले, परंतु निद्रा आली नाही. इति.