दोनशे वीस मिलिमीटरचं संत्रं

पांढुर्ण्याच्या संत्रा प्रतवारी केंद्रात सोमवारी सकाळी फळांची मापं दाखवणारा नवा पडदा लागला. त्यावर पहिला आकडा उमटला तो मोहगावच्या बापूजींच्या संत्र्याचा. व्यास : दोनशे वीस मिलिमीटर.

केंद्राचे व्यवस्थापक यशवंतराव यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पट्ट्यावरून घरंगळत चाललेलं फळ मुठीएवढंच होतं.

"सुमेध, हे संत्रं हाये का टरबूज गा?"

सुमेधलाही तोच प्रश्न पडला होता. तो सौसरचा. नागपूरच्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि हा पडदा म्हणजे त्याचं एकट्याच्या जबाबदारीवरचं पहिलं काम. ते नीट झालं तर महिनाअखेर नोकरी पक्की होणार होती. घरी नमुन्याचं माप घालून तपासताना पडद्यावर सत्तर मिलिमीटर येत होतं. इथं फळ तेवढंच, आकडा तिप्पट.

विचित्र गोष्ट अशी की, फळं आपापल्या क्रेटमध्ये बरोबर पडत होती. मोठं मोठ्यात, बारकं बारक्यात. निवडीचा जुना प्रोग्राम अगदी शहाण्यासारखा वागत होता. चुकत होता तो फक्त सुमेधचा पडदा.

"संध्याकाळपर्यंत ठीक करतो, भाऊ," सुमेध म्हणाला. पण यशवंतरावांनी तोवर पडद्याचा फोटो काढला होता. नव्या पडद्याचं कौतुक म्हणून त्यांनी तो केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. लोकांनी पडदा पाहिला नाही, आकडा पाहिला.

दुपारी बोरगावहून दोघं जण बापूजींच्या बागेत कलमाच्या काड्या मागायला आले. मंगळवारी नऊ आले. बुधवारी प्रदर्शन समितीचे लोक जीप घेऊन आले. शनिवारी पांढुर्ण्यात फळ-भाजी प्रदर्शन होतं आणि तिथं बापूजींचा सत्कार करायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

बापूजी भांबावले. चाळीस वर्षं ते ही फळं हातात घेत आले होते.

"मले त नेहमीसारखंच दिसते," ते बायकोला म्हणाले. "पन मशीन कायले खोटं बोलीन?"

शकुबाई ब्लाउज शिवत बसल्या होत्या. त्यांनी गळ्यातला टेप काढला, एक संत्रं घेतलं, टेप त्याच्याभोवती गुंडाळला आणि वाचला.

"बावीस सेंटीमीटर. म्हंजे दोनशे वीसच झाले ना."

बापूजींनी स्वतः मोजून पाहिलं. दोनशे वीस. समितीच्या लोकांनी मोजलं. दोनशे वीस. त्यानंतर बापूजींच्या चालण्यातच फरक पडला.

इकडे सौसरला सुमेधचं डोकं चालेनासं झालं होतं. मापाच्या यंत्राबरोबर ते बनवणाऱ्या कंपनीनं एक शेअर्ड लायब्ररी दिली होती. म्हणजे तयार फंक्शनांची एक पेटीच. कोणत्याही प्रोग्रामनं यावं आणि हवं ते फंक्शन नावानं मागून वापरावं. निवडीचा जुना प्रोग्रामही त्यातलं 'फळमाप' वापरत होता आणि सुमेधचा पडदाही 'फळमाप'च वापरत होता. पेटी एक, नाव एक, संत्रं एक. जुन्या प्रोग्रामला उत्तर मिळायचं सत्तर, पडद्याला दोनशे वीस.

त्यानं केंद्रातली लायब्ररी घरच्या लॅपटॉपवर आणली. लगेच घरचा पडदाही दोनशे वीस सांगू लागला. जुनी लायब्ररी परत टाकली, सत्तर. पुन्हा नवी, दोनशे वीस. त्याचे वडील शालिकराम नगरपालिकेतून निवृत्त झालेले. ते चहा घेऊन मागे उभे होते.

"काय करून राहिला बेटा?"

"एकच फंक्शन हाये बाबा, पन दोघायले येगयेगळं सांगून राहिलं."

"कोन्या खात्यात हाये ते?" शालिकरामांनी गंभीरपणे विचारलं.

त्याच वेळी यशवंतरावांचा फोन आला. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "तुह्या मशीनचं काही चुकलं नाई गा! शकुबाईनं टेपानं मोजलं. पूरे दोनशे वीस भरले!"

सुमेधनं फोन ठेवला. एवढा वेळ निदान एवढं तरी पक्कं होतं की चूक त्याची आहे. आता तेही गेलं. चूक जुन्या प्रोग्रामची म्हणावी, तर मग फळं बरोबर कशी पडत होती?

आई, कमलबाई, दारात पंख्याखाली संत्री सोलत होती. सुमेधनं तिच्या हातातलं एक घेतलं आणि पट्टी आडवी लावली. सत्तर मिलिमीटर. मग शिलाईच्या डब्यातला टेप आणला आणि भोवती फिरवला. दोनशे वीस.

"आई!" तो ओरडला. "हा घेर हाये!"

"मंग टेपानं काय ताप मोजतेत?" कमलबाई म्हणाली.

निम्मं कोडं सुटलं. पडदा घेर सांगत होता आणि सुमेधनं त्याच्यापुढे 'व्यास' लिहिलं होतं. पण मग त्याच फंक्शनकडून जुन्या प्रोग्रामला व्यास कसा मिळत होता? त्यानं नागपूरला पल्लवीताईला फोन लावला. ती त्याची वरिष्ठ. तीन दिवस तो तिला टाळत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "सुमेध, त्या लायब्ररीत 'फळमाप' दोन आहेत."

"एका नावाचे दोन?"

"होय. पहिल्या व्हर्शनचं व्यास सांगते. मग यंत्राच्या कंपनीवाल्यांनी नवं केलं, ते घेर सांगते. पण जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून त्यांनी जुनं काढलं नाही. दोघांवर व्हर्शनची चिठ्ठी लावून ठेवली. जुना प्रोग्राम बनला तेव्हाच त्याच्यात पहिल्या व्हर्शनची नोंद झाली, म्हणून त्याला अजून तेच भेटते. तू काय करून राहिला? प्रोग्राम चालू झाल्यावर नुसतं नाव घेऊन मागून राहिला. नुसतं नाव घेतलं की लायब्ररी जे डिफॉल्ट आहे ते देते. म्हणजे नवं."

"आणि माह्या घरची लायब्ररी?"

"जुनी अशीन. तिच्यात एकच आहे. मागशील कसंही, तेच मिळीन."

"मंग आता?"

"तू लायब्ररीतलं फंक्शन 'डीएलसिम' या कमांडनं शोधून राहिला ना? 'डीएलव्हीसिम'नं शोध. त्याला नावासोबत व्हर्शनही सांगता येते."

"फक्त एक 'व्ही'?"

"आणि व्हर्शनचं नाव. आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवशी फोन," पल्लवीताई म्हणाली.

शुक्रवारी सुमेध पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेला आणि दहा मिनिटांत बदल करून मोकळा झाला. पडद्यावर आलं, व्यास : सत्तर मिलिमीटर. त्याला वाटलं, सुटलो. मागे वळून पाहतो तर बापूजी उभे. नवा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात समितीनं आधीच आणून दिलेलं प्रमाणपत्र. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'संत्रा, व्यास दोनशे वीस मिलिमीटर.'

बापूजींनी पडद्याकडे पाहिलं, मग सुमेधकडे.

"एका दिवसात सुकले का रे माहे संत्रे?"

सुमेधनं सगळं सांगितलं. लायब्ररी, व्हर्शन, दोन फंक्शनं. बापूजींना त्यातलं काहीही कळलं नाही, पण शेवटचं कळलं. ते क्रेटवर बसले.

"म्हंजे उद्या लोक हासतीन."

"चूक माही हाये, बापूजी. मी समितीले सांगतो."

"तू सांगशीन, पन हासतीन मले," बापूजी म्हणाले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण नीट लावलं. मग उठले. "मीच सांगतो. बागवान हाव मी, जादूगार नाई."

शनिवारी प्रदर्शनात ते खरंच माइकसमोर उभे राहिले. "मंडळी, माह्या संत्र्याचा व्यास सत्तरच हाये. दोनशे वीस हा घेर. लिहिनाऱ्यानं एक शब्द चुकवला." एवढं बोलून त्यांनी प्रमाणपत्र अध्यक्षांपुढे परत ठेवलं. पहिल्या रांगेत बसलेल्या सुमेधला जमीन दुभंगावी असं वाटलं.

अध्यक्षांना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं. "व्यास खोडा आन् घेर लिहा. आकडा बरोबर हाये ना? मंग झालं!"

टाळ्या पडल्या. सुमेधला वर बोलावलं. त्यानं पेनानं 'व्यास' खोडून 'घेर' लिहिलं, बाजूला सही केली आणि बापूजींच्या पाया पडला. बापूजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. खाली शकुबाई कोणाला तरी सांगत होत्या, "मी त पहिलेच टेपानं मोजलं होतं."

सुमेध पायऱ्या उतरला, तर समोर गुणवंता नावाचा शेतकरी उभा. त्याला कोहळ्याचं दुसरं बक्षीस होतं.

"भाऊ, माह्या कोहळ्याचा व्यास तीनशे दहा लिहिला हाये यायनं. घेर लिहिला त किती होईन?"

सुमेधनं मोबाईलवर गुणाकार केला. "नऊशे त्र्याहत्तर."

"अरे बाप्पा! मंग लिहा ना घेर!"

त्याच्यामागे पानकोबीवाला होता. त्याच्यामागे टमाटरवाली देवकाबाई. बघता बघता रांग मांडवाबाहेर गेली आणि कोणीतरी सुमेधला टेबल-खुर्ची आणून दिली. चौदावं प्रमाणपत्र चालू असताना पल्लवीताईचा फोन आला.

"पडदा नीट चालून राहिला ना? मग अजून तिथं काय करून राहिला तू?"

सुमेधनं मान वर केली. रांगेच्या टोकाला एक म्हातारा दोन्ही हातांनी मोठा ऊस धरून उभा होता.

"व्हर्शन बदलून राहिलो, ताई," तो म्हणाला आणि पुढचा कागद ओढला.