कुरळ्या आणि केशसंजीवन

केसांतलं आपल्याला कळत नाही असं या जगात काही नाही, असं कात्रीमामा आपल्या सलूनमध्ये छाती पुढे काढून सांगत. त्यामुळे लेकीने नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना अंगावर औषधालाही केस नसलेला कुत्रा बापाच्या गळ्यात बांधला, तेव्हा मामांची पंचाईत झाली. मग त्यांनी त्याचं नाव ठेवलं कुरळ्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, याची कातडी आपल्यासारखीच उघडी, उन्हात भाजते, गारठ्यात काकडते. अंघोळीनंतर साधं बिनवासाचं तेल हलक्या हाताने चोळा. मामांनी ते फारच मनावर घेतलं. लेकीच्या जुन्या स्वेटरची बाही कापून त्यांनी कुरळ्याला अंगरखा केला. लेक गेल्यापासून घर खायला उठत होतं. आता पायाशी काहीतरी ऊबदार घोरत पडायचं आणि मामांना शांत झोप लागायची.

घोटाळा केला तो बाटलीने. मामा घरी बनवलेलं 'केशसंजीवन' तेल सलूनमध्ये विकत. कुरळ्याचं साधं तेल ठेवायला त्यांनी केशसंजीवनचीच एक रिकामी बाटली घेतली आणि एके सकाळी दारात बसून त्याला चोळू लागले. समोरचा शिंपी दाढीला आला होता. त्याने बाटली पाहिली, कुत्रा पाहिला, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इस्त्री चालू राहिली म्हणत तसाच माघारी पळाला.

शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मामांच्या तेलाने चांगला केसाळ कुत्रा सोलून निघाला. शेपटीचा गोंडा मामांच्या हातातच आला, अशी भर पुढच्या गल्लीने घातली. बाटल्या परत येऊ लागल्या, खुर्च्या ओस पडल्या आणि मामा माशा मारत बसले.

मामींनी निक्षून सांगितलं, "शनिवारपर्यंत गिऱ्हाईक परतलं नाही, तर कुत्र्याला दुसरं घर बघा. आपलं पोट दुकानावर आहे."

कुरळ्या हे मामींच्याच शालीत गुरफटून ऐकत होता.  मामांनी तातडीने पाटी रंगवून घेतली आणि कुरळ्याच्या गादीवरच्या भिंतीला ठोकली: 'हा जन्मापासून असाच आहे. आमच्या तेलाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.'

शनिवारी कुरळ्या पाटीखाली ऐटीत बसला. पण ऊन सरकत गादीवर आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना स्मरून मामांनी त्याला गादीसकट सावलीत हलवलं आणि मोकळ्या जागी बाकडं ओढलं. पाटी होती तिथेच राहिली.

तेवढ्यात हेडमास्तर आले. डोकं तुळतुळीत, कानांमागे तेवढी झालर. पण ते ज्या सलूनमध्ये बसतात तिथे अख्खी शाळा केस कापून घेते, त्यामुळे मामांना गहिवरूनच आलं. मास्तर बाकड्यावर टेकले. त्यांच्या मागोमाग अंदाज घ्यायला आलेल्या शिंप्याने पाटी मोठ्याने वाचली.

मास्तरांनी हळूच मान वळवली. मामांच्या हातातली कात्री गळून पडली.

"मास्तर, ते कुत्र्याबद्दल आहे," मामा म्हणाले, आणि आपण आणखी खोलात गेलो हे त्यांना लगेच कळलं.

 सावलीत गारठलेला कुरळ्या उठला आणि सरळ मास्तरांच्या मांडीवर चढून दुखऱ्या गुडघ्यांवर पसरला. मास्तर दचकले. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा सैल पडला. हा तर चालताबोलता शेक आहे, म्हणाले. शिंप्यानेही भीतभीत हात लावून पाहिला आणि आपलीही कंबर धरल्याचं त्याला आठवलं.

जाताना मास्तर म्हणाले, "पाटी काढू नका. तुमचं तेल मी लग्नाआधीपासून लावतोय. त्याच्याबद्दल खरं वाक्य आज पहिल्यांदाच वाचलं."

सलून आता पुन्हा भरलेलं असतं. निम्मी गिऱ्हाइकं कुरळ्याला मांडीवर घ्यायला येतात आणि नंबर लागेपर्यंत शेकत बसतात. मामींची शाल कायमची त्याची झाली. केशसंजीवनवर मामांनी 'गुडघ्यांसाठी' असं नवं लेबल चिकटवलंय. गुडघ्यांतलं आपल्याला सगळं कळतं, असं ते छाती पुढे काढून सांगतात.

कळणारच, मामी म्हणतात, अक्कल तिथेच आहे.