इथे जेवण असतं

“मी असेपर्यंत या रेडिओवर एक नियम मोडून दाखवा, मिशी उतरवीन!” असं मनोहरकाका छातीवर हात मारून सांगत. मिशी त्यांना नव्हतीच, पण ऐकणाऱ्याची छाती दडपायची.

गृहस्थ जन्मभर डेट्रॉइटच्या गाड्यांचे ब्रेक बनवत आलेले. निवृत्त झाले आणि ट्रॉयमधल्या आपल्या मराठी रेडिओला येऊन चिकटले. स्टेशन एवढंसं, की उलटा वारा सुटला तर आवाज पार्किंग लॉटसुद्धा ओलांडत नसे! पण परवाना सरकारी, आणि तोही बिगरव्यापारी. म्हणजे जाहिरात बंद. स्टेशनला मदत करणाऱ्याचं नाव, पत्ता, वेळ खुशाल सांगा. त्याची स्तुती करायची नाही, दर सांगायचा नाही आणि ‘या’ म्हणून बोलवायचं तर मुळीच नाही. काकांना हे नियम म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचारच वाटला!

एका डेंटिस्टने लिहून पाठवलं, ‘वेदनारहित उपचारांसाठी आजच या.’ काकांनी माइकवर वाचलं, “डॉक्टर अनुप. हे दात काढतात.” बिचाऱ्याचे दोन पेशंट अर्ध्या वाटेतून परत फिरले!

“काका, थोडं सैल सोडा ना यार!” स्टेशन चालवणारी संघमित्रा म्हणायची. एरवी ती फार्मासिस्ट, रविवारी आमची रेडिओराणी.

“ब्रेक थोडा सैल सोडला की गाडी थोडी दरीत जाते,” काका म्हणायचे.

अशात त्यांच्या सौभाग्यवतींनी, आसावरीकाकूंनी, स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत, लाँड्रीशेजारी खानावळ काढली. रेडिओला मदतही केली. त्यांचं नाव पुकारायला खुद्द काकाच बसले. काकू घरी रेडिओला कान लावून.

“या कार्यक्रमाला ‘आसावरी किचन’चं साहाय्य. रविवारी अकरा ते दोन इथे जेवण असतं.” पुढे पत्ता. संपलं!

काका घरी पोचतात तो काकू दारातच. “असतं? नुसतं असतं? जेवण आहे का भूकंप?”

“अगं, स्तुती नियमात बसत नाही.”

“‘चविष्ट’ म्हणायला जीभ झडते?”

“परवाना जाईल!”

“बरं. आणि घरात? इतकी वर्षं घरात कुठलं सरकार बसलं होतं?”

काका जेवणाला कधी नावं ठेवत नसत हे खरं. पण चांगलंही कधी म्हटलं नव्हतं. गुपचूप ताट पुढे सरकवून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, हेच त्यांचं प्रशस्तिपत्र! आणि ते काकूंना आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

“ऐका,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत. म्हणजे प्रकरण गंभीर. “येत्या रविवारी लोक आले नाहीत, तर मी शटर ओढते आणि सावनीकडे, तिकडे लांब श्रूजबरीला जाऊन राहते. लेक निदान ‘यम्मी’ तरी म्हणते.”

रविवार उजाडला. काका शटर उघडायला गेले आणि जागीच थिजले. मॉलच्या टोकापर्यंत रांग! नऊवारीतल्या आज्या, कुर्त्यातले इंजिनियर. लाँड्रीच्या दारात चपलाबुटांचा डोंगर! कपडे धुवायला आलेला एक गोरा त्या ढिगाकडे बघून मुकाट्याने आपलेही बूट काढत होता.

“काका, दर्शन कुठे?” नारळ सावरत रेखामावशींनी विचारलं.

“कसलं दर्शन?”

“अहो, महाप्रसादाचं! रेडिओवर ऐकलं ना. दर नाही, ‘विकत’ नाही, नुसतं ‘जेवण असतं’! असं देवळाशिवाय कुठे असतं का?”

नियम पाळता पाळता काकांनी बायकोचा भंडारा घातला होता!

आत काकू खिडकीतून रांग बघून हरखल्या होत्या. “अहो, बघितलंत? माझ्यासाठी आले!” त्यांचा चेहरा टम्म फुगलेल्या पुरीसारखा. तो बघून काकांना खरं सांगवेना. ते रांगेत जाऊन एकेकाच्या कानात कुजबुजू लागले, “जरा पैसे द्यावे लागतील हं... हळू बोला, ती ऐकेल...”

“प्रसादाला पैसे?” रेखामावशी कडाडल्या. “कलियुग!”

पुरीला टाचणी लागली. काकूंनी हातातला डाव खाली ठेवला. “म्हणजे हे सगळे फुकट म्हणून आलेत?” आणि त्या एप्रनची गाठ सोडू लागल्या.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. संघमित्रा! “काका, महाप्रसाद कुठल्या देवाचा म्हणून फोनवर फोन येताहेत. प्लीज खुलासा करा. तुम्हाला ऑन एअर घेते, चालेल ना?” न विचारता कुणाला हवेत सोडायचं नाही, हाही नियमच.

“घे,” काका म्हणाले.

“श्रोतेहो, हा महाप्रसाद नाही. ही खानावळ आहे.” इथवर सगळं नियमात होतं. इथेच थांबायचं होतं! पण समोर काकू एप्रनची घडी घालत होत्या. एक घडी, दुसरी घडी. जणू पुढे बॅगच भरायची होती.

आणि काकांचे ब्रेक फेल झाले!

“पण इथली आमटी... ऑफिसात डब्याचं झाकण उघडलं की मी मीटिंग विसरायचो. बॉसला वाटायचं, गडी काम करतोय. गडी आमटी खात होता! मी हे हिला कधी बोललो नाही. चुकलं. आमटी चविष्ट आहे! अख्ख्या मिशिगनमध्ये अशी नाही! या! सगळे या! पैसे द्या आणि खा!”

स्तुती, तुलना, आमंत्रण आणि पैसे! सगळा कायदा एका दमात पालथा!

पलीकडून संघमित्राचा जपून आवाज आला, “श्रोतेहो, आत्ताचं मत स्टेशनचं नसून एका नवऱ्याचं होतं.” आणि हलक्या आवाजात फोनवर, “काका, वकिलांना मी कळवते. यापुढे तुम्ही माइकला हात लावायचा नाही. आता फोन ठेवा आणि काकूंकडे बघा.”

काकांनी बघितलं. काकू घडी मोडून एप्रन पुन्हा बांधत होत्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच ओले.

रेखामावशींनी नारळ टेबलावर आपटला. “असं आहे होय! आधी नाही का सांगायचं!” पाकिटं निघाली, खुर्च्या सरकल्या, आणि चहूकडून एकच गजर झाला, “काकू, आमटी!”

काकू काकांजवळ आल्या. “अहो, अख्ख्या गावाला आमटी मागायला लावलीत. मी आज कढी केलीय!”

“कढी?”

“सकाळी चव बघतो म्हणून दोन वाट्या ओरपल्यात. ती काय होती?”

काकांनी डोकं खाजवलं. मग इकडेतिकडे बघून, फोन नीट बंद असल्याची खात्री करून, हळूच म्हणाले, “छान होती.”