बाद झालेल्यांकडे बघणारे तात्या

कबड्डीच्या सामन्याला जाऊन सामना न बघणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे रंगनाथ तात्या. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघून ओरडत असतं, तेव्हा तात्यांची मान भलतीकडेच असते. जे गडी बाद होऊन मागच्या पट्टीत बसलेले असतात, त्यांच्याकडे. शेवटची चढाई चालू आहे, एका गुणावर सगळं अडलंय, शेजारचा माणूस तात्यांचा दंड धरून हलवतोय, आणि तात्या त्याला विचारतात, "तो चार नंबर गुडघे पोटाशी घेऊन का बसला असेल?"

कोण जिंकलं ते त्यांना घरी जाताना कुणाला तरी विचारून घ्यावं लागतं.

पंचवटीत मैदानाच्या फाटकाशी माझं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, वर ताडपत्री आणि मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून येणारे झेंडू-शेवंतीचे क्रेट. शेजारी सिमेंटचा बाक आहे. रोज संध्याकाळी त्या बाकावर तिघं जमतात. एक तात्या. दुसरे जगनभाऊ, भाजीबाजारात गाळा असलेले, त्यांचा आवाज नदीपलीकडे जातो. तिसरे इस्माईलभाई, मूळचे मालेगावचे, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. मी हार गुंफत असते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातही नसतं. कान मात्र माझे त्यांच्याकडेच असतात.

आमच्या भागात दर वर्षी मंडळांची कबड्डी असते, दोन महिने चालते. त्याआधी एका रविवारी सगळी मंडळं एका हॉलात जमतात. कॉलेजांच्या सामन्यांत खेळलेल्या पोरांची यादी समोर ठेवतात, चिठ्ठ्या टाकून नंबर लावतात आणि नंबराप्रमाणे एकेक मंडळ एकेक पोरगा उचलतं. अशा तीन फेऱ्या. एकाने उचललेला पोरगा दुसऱ्याला मिळत नाही. पोरगा बाहेरगावचा निघाला तर दोन महिने त्याची राहायची-जेवायची सोय मंडळाने करायची. आमच्या मंडळाचा असा पोरगा तात्यांच्याच घरी राहतो. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बडोद्याला दिलेली. घरात तीन खोल्या आणि तात्या एकटे, त्यामुळे हे कधी कुणाला ठरवावं लागलं नाही.

कुणाला उचलायचं यावर बाकावर महिनाभर आधीपासून भांडण चालतं. जगनभाऊंना चढाईवाला हवा असतो, उंच, दांडगा, बघणाऱ्याला धडकी भरवणारा. इस्माईलभाई म्हणतात, चढाई करनेवाले बहुत, कोपरा सांभाळणारा दाखवा. दोघं हमरीतुमरीवर आले की तात्या मध्ये बोट वर करतात आणि म्हणतात, "बसलेला बघा."

हे त्यांचं पालुपद. उभा असलेला सगळ्या जगाला दिसतो, त्यात आपलं कौतुक ते काय. बाद झालेला गडी बसतो कसा, यावरून माणूस कळतो. जो जमिनीकडे बघतो तो रागीट. जो टॉवेलने तोंड झाकतो तो दुसऱ्यांदाही तसाच बाद होणार. जो प्रेक्षकांत बघतो त्याचं कुणीतरी आलेलं असतं.

एकदा इस्माईलभाईंनी विचारलं, "और जो किसी को नहीं देखता?"

"तो आपला," तात्या म्हणाले.

तात्यांच्या या शास्त्राने मंडळाचं भलं कधी झालं नाही. पहिल्या फेरीत जगनभाऊंचं ऐकायचं, शेवटच्या फेरीत तात्यांच्या वयाचा मान ठेवायचा, असं ठरलेलं. एके वर्षी त्यांनी पेठकडचा एक पोरगा आणवला. तो संक्रांतीला गावी गेला आणि उपांत्य सामना संपल्यावर परत आला, येताना तात्यांसाठी तांदळाची पिशवी घेऊन. मागच्या वर्षीचा सटाण्याकडचा होता, अहिराणी बोलणारा. तो खेळला बेताचाच, पण जाताना तात्यांना आपली बोली लावून गेला. पुढे दोन महिने कुणी 'कसे आहात' विचारलं की तात्या 'बरं शे' म्हणायचे आणि स्वतःच ओशाळायचे.

जगनभाऊ म्हणायचे, "तात्या, तुमचे गडी लय भारी बसतात. खेळायचं तेवढं त्यांना कुणीतरी सांगा."

तात्या हसायचे. राग येत नाही त्यांना. आला तर मिशीवरून एकदा हात फिरवतात आणि राग तिथेच पुसला जातो.

निवडीचे दिवस जवळ आले की बाकावर कुणी खरं बोलत नाही. हा रिवाजच आहे. दुसऱ्या मंडळांची माणसं हार घ्यायच्या निमित्ताने येतात आणि उगाच रेंगाळतात, म्हणून जो पोरगा आपल्याला हवा त्याला भर रस्त्यात नावं ठेवायची आणि जो नको त्याचे गोडवे गायचे. यंदा जगनभाऊंचा जीव अनिकेत नावाच्या पोरावर होता. कॉलेज रोडला बंगला, उंचापुरा, एका चढाईत तिघांना घेऊन येणारा. जगनभाऊ जो येईल त्याला सांगत, त्याचा गुडघा गेलाय, जिना उतरताना कठडा धरतो. ते ऐकता ऐकता इस्माईलभाईंनाही तो कठडा धरताना दिसायला लागला.

तात्यांनी यंदा धरलं होतं सोमाला. सोमा सुरगाण्याकडचा, डोंगरातला. बारीक, काळासावळा, हॉस्टेलला राहणारा. त्याचं नाव जगनभाऊंना यादीत शोधावं लागलं.

एका दुपारी तात्या एकटेच आले आणि इकडेतिकडे बघून एक डायरी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "मंदाताई, निवड होईपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या. गुप्त आहे. माझ्या घरी जगन कधीही घुसतो." मी ती शेवंतीच्या क्रेटखाली ठेवली.

दोन दिवस मी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण तात्यांचं अक्षर मोठं आणि सुटं आहे. मला वाटलं, चढाया, पकडी, गुण असलं काही असेल.

त्यात खेळाचं एक अक्षर नव्हतं.

'सोमा. तीन सामने पाहिले. भेटायला कुणी आलं नाही. बाकीच्यांच्या डब्यातलं घेत नाही, भूक नाही म्हणतो. विचारलं, काय आवडतं. नागलीची भाकरी म्हणाला. नागलीचं पीठ आणलं. भाकरी दोनदा मोडली. तिसरी जमली.' त्याखाली, 'मागची खोली झाडली. खिडकीला कडी बसवून घेतली. एकट्यापुरता कुकर लावला की भात कधी कच्चा, कधी गिच्च. दोघांपुरता नीट होतो.'

मागची पानं उलटली. सटाण्याचा, पेठचा, त्याआधी मनमाडच्या पलीकडचा एक. 'पहिले आठ दिवस मागून घेत नाही. न विचारता वाढत राहायचं.' 'आज स्वतःहून चहा केला. साखर जास्त. प्यालो.' 'बावन्न दिवस राहिला. यंदा साठ मिळतील.'

नाशकात घर असलेला एकही पोरगा त्या डायरीत नव्हता. मी डायरी मिटली आणि परत क्रेटखाली सारली. मग बराच वेळ मी हार चुकीचाच गुंफत होते, झेंडूवर झेंडू.

त्या दिवसापासून मला त्या सोमाची काळजी लागली. मी त्याला पाहिलंही नव्हतं.

जगनभाऊंनाही काळजी होती, पण वेगळी. त्यांना भीती, की तात्या खोटं बोलू शकत नाहीत. म्हणून ते तात्यांची रोज तालीम घ्यायचे. "म्हणा, सोमा आळशी आहे." तात्या हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणायचे, "सोमा आळशी आहे." मग हळूच विचारायचे, "त्याच्या कानावर जाणार नाही ना?"

निवडीच्या आदल्या संध्याकाळी बाळूशेठ आले. नदीपलीकडच्या मंडळाचे ते सर्वेसर्वा. दोन हार सांगितले आणि बाकाकडे वळून म्हणाले, काय तात्या, यंदा कोण बसतंय चांगलं?

तात्यांनी हात मागे बांधले. "सोमा म्हणून एक आहे. त्याचं काही खरं नाही. आळशी आहे."

मला हायसं वाटलं. अगदी झकास म्हणाले होते. बाळूशेठही मान हलवून माझ्याकडे वळले. तेवढ्यात जगनभाऊंना राहवलं नाही. त्यांनी वरून फोडणी दिली, "आळशी कसला, लय बिघडेल पोरगं हाय. दिवसभर मोबाइल, कॉलेजात पाय नाय."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. राग पुसला गेला नाही.

"जगन, तोंडाला येईल ते बोलू नको," ते म्हणाले. "बटणांचा फोन आहे त्याच्याकडे. आठवड्यातून एकदा आईला लावतो. पहाटे सगळे झोपलेले असतात तेव्हा तो हॉस्टेलच्या गच्चीवर पळतो. बाद होऊन बसला तरी त्याचे डोळे समोरच्याच्या पायांवर असतात. त्याने बसल्या जागेवरून बोटाने खुणावलं आणि पुढच्या गड्याने पकड केली, असं तीन सामन्यांत अकरा वेळा झालं. मी मोजलंय. तुम्ही कुणी बघितलंय?"

मी भराभर हार पुडीत बांधले आणि बाळूशेठपुढे धरले, म्हणजे ते जातील. ते घेईनात. ते तात्यांकडे बघत होते. अकरा वेळा, असं त्यांनी स्वतःशीच म्हटलं आणि गाडीला किक मारून गेले. हार माझ्या हातातच राहिले.

मग इस्माईलभाई म्हणाले, "तात्या, आपने तो पूरी कुंडली दे दी."

दुसऱ्या दिवशी हॉलात काय झालं ते मला इस्माईलभाईंनीच सांगितलं. बाळूशेठच्या मंडळाचा दुसरा नंबर लागला, आणि त्यांनी पहिल्याच फेरीत सोमाला उचललं. आमचा चौथा नंबर. तोवर अनिकेत यादीत तसाच होता, कारण गुडघ्याची बातमी सगळ्या पंचवटीत पोचली होती. जगनभाऊंनी त्याच्यावर अशी झडप घातली की चिठ्ठ्यांचं टेबल हललं. पुढच्या दोन फेऱ्यांत मंडळाने एक पंचवटीतलाच आणि एक नाशिकरोडचा पोरगा घेतला. तिसऱ्या फेरीत तात्यांना विचारायचं म्हणून त्यांना शोधलं, तर ते बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. म्हणाले, तुम्ही घ्या कुणीही, सगळे चांगले आहेत.

संध्याकाळी बाकावर पेढे आले. इतक्या वर्षांत तात्यांच्या नजरेवर पहिल्यांदाच कुणी भरवसा ठेवला, आणि तोही दुसऱ्या मंडळाने, म्हणून पेढे तात्यांनीच वाटायचे असं जगनभाऊंनी फर्मावलं. तात्यांनी वाटले. मला पेढा देताना हळूच डायरी मागितली आणि विचारलं, वाचली नाही ना. त्या दिवसांत सगळेच खोटं बोलत होते, मीही बोलले. नाही म्हटलं.

आठवड्याने मैदानावर आमच्या तिघा पोरांचा सत्कार झाला. हार माझ्याकडचेच, म्हणून मी ते घेऊन आत गेले आणि कडेला उभी राहिले. अनिकेतला हार तात्यांनी घातला. पोरगा गोड होता, लगेच वाकून पाया पडला. टाळ्या थांबल्या, माणसं पांगली, तरी तात्या त्याच्याजवळच उभे होते.

"सराव संपायला उशीर होतो," तात्या त्याला म्हणाले. "कॉलेज रोड इथून लांब पडतं. माझं घर मागच्याच गल्लीत आहे. एक खोली रिकामीच असते. कधी थांबावंसं वाटलं तर."

"नको काका, बाईक आहे ना," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांत घरी. आणि आई जेवायची थांबते माझ्यासाठी."

"हो का," तात्या म्हणाले. "मग काही प्रश्नच नाही."

फोटोसाठी हाका सुरू झाल्या तसा तो पळत गेला. जगनभाऊ तात्यांनाही बोलवत होते. तात्या हाताने 'आलो' अशी खूण करून माझ्या टोपलीपाशी आले आणि तो पोरगा घोळक्यात कुठे उभा राहतो ते बघत राहिले.

"मंदाताई," ते म्हणाले, "आई जेवायची थांबते म्हणाला. चांगला पोरगा निवडला आपण."