झोप लागल्यास सदस्यत्व रद्द

गादीवाल्याने केलेली नवी उशी चालली असती तर त्याचा फायदा उघड होता. दुकानाचं शटर वर राहिलं असतं. समोरच्या फोमवाल्यापुढे मान खाली घालावी लागली नसती. आणि बायकोने इतकी वर्षं वापरून गुळगुळीत केलेलं "तुमच्यानं काही नवं व्हायचं नाही" हे वाक्य एकदाचं अडगळीत गेलं असतं. उशी होतीही तशीच. मानेखाली खळगा, कडांना घट्ट कापूस, मध्ये सैल. पहिल्यांदा डोकं टेकलं तेव्हा बायको हेच वाक्य अर्धवट सोडून घोरायला लागली. संसारात असं प्रथमच घडत होतं.

एवढी खात्री असलेला माणूस दुकानाबाहेर पाटी लावतो. गादीवालाही लावणार होता, तेवढ्यात भाचा आला. भाच्याने नुकताच विक्रीचा कोर्स केला होता, आणि असा कोर्स केलेल्याच्या तावडीत आधी नातेवाईकच सापडतात.

"मामा, उशी विकायची नाही."

"मग काय, दत्तक घेऊ तिला?"

"आधी ऑनलाइन समूह जमवायचा. झोप न येणारी माणसं एकत्र आणायची, त्यांचं दुःख ऐकायचं. उशीचं नावसुद्धा काढायचं नाही. मग एक दिवस तेच म्हणतात, काहीतरी द्या हो! तेव्हा द्यायची."

"म्हणजे विहीर झाकून ठेवायची आणि तहानलेल्यांची सभा भरवायची?"

"बघा, तुम्हाला लगेच कळलं," भाचा समाधानाने म्हणाला.

समूहाचं नाव ठेवलं 'टक्क जागे'. सुरुवातीला त्यात भाचा, गादीवाला आणि एक निवृत्त मास्तर एवढेच होते. पण आजवर एकटे छताकडे बघत पडलेल्यांना छताबद्दल बोलायला माणसं मिळाली, आणि बघता बघता समूह फुगला. कुणी शेजाऱ्याच्या नळाबद्दल लिही, कुणी न फेडलेल्या अपमानांबद्दल. संस्थापकाने प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यावं, असं कोर्समध्ये होतं. त्यामुळे गादीवाला रात्रभर "मी समजू शकतो" असं लिहीत असे आणि दिवसा दुकानातल्या गाद्यांच्या ढिगावर डुलक्या घेत असे. गिऱ्हाइकं त्याला मालाचं प्रात्यक्षिक समजत, कौतुकाने बघत आणि फोमवाल्याकडे जात.

समूह म्हटला की शिस्त आली, असं मास्तरांचं मत पडलं. त्यांनी नियमावली केली. मध्यरात्रीनंतर हजेरी सुरू झाली. जो कमी झोपेल तो ज्येष्ठ, जो सलग झोपेल तो संशयित. एका शिंपीणबाईंना सलग दोन रात्री गैरहजर राहिल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस गेली. 'डोळा लागला, हेतू नव्हता,' असा खुलासा त्यांनी केला. तो ताकीद देऊन स्वीकारण्यात आला.

आता जमीन तयार आहे, असं भाच्याने जाहीर केलं. अत्यंत निष्ठावान अशा बारा सदस्यांना एकेक उशी भेट म्हणून गेली. त्या रात्री बाराही जण हजेरीला नव्हते. दुसऱ्या रात्रीही नव्हते. आठवड्याभरात त्यांनी समूह सोडला, तोही निरोप न घेता.

भाचा धावत आला. त्याच्या हातात खाली उतरणारा आलेख होता.

"मामा, घात झाला! उशीमुळे माणसं तुटतायत."

"अरे, झोपली ती!"

"तेच सांगतोय ना! उशी जरा कमी चांगली नाही का करता येणार? म्हणजे गुण यावा, पण फार नको."

गादीवाल्याने रात्री जागून 'सुधारित' उशी करायला घेतली. ठरवून कापसात गाठी ठेवल्या. अभ्रा शिवता शिवता बायको म्हणाली, "जन्मभर गाठी सोडवून पोट भरलंत, आता घालून भरा. तरी म्हणत होते, तुमच्यानं—" आणि ती जुन्या उशीवर कलंडली.

तेवढ्यात जागामालकाचा निरोप आला. भाडं थकलं आहे, फोमवाला जागा मागतो आहे, महिनाअखेर निर्णय सांगा. गादीवाल्याने गाठींची उशी कोपऱ्यात फेकली आणि समूहावर सरळ लिहून टाकलं: 'मी गादीवाला आहे. चांगली उशी करतो. झोप लागते. घ्या.'

मास्तरांनी तातडीची सभा बोलावली. ठराव झाला: 'सदर वस्तू समूहाच्या मूळ उद्दिष्टांशी विसंगत असून तिच्या वापराने सदस्यांच्या पात्रतेस बाधा पोहोचते. सबब, उशीचा उल्लेख करण्यास मनाई करण्यात येत आहे.'

गादीवाल्याने मास्तरांना फोन केला. "अहो, पण हा समूह मीच काढला! या उशीसाठीच काढला!"

"म्हणून तर तुम्हाला काढलं नाही, संस्थापकसाहेब," मास्तर मायेने म्हणाले. "शिवाय हजेरी तुमचीच सर्वांत चांगली. आम्ही तुम्हाला आजीव सदस्यत्व देतोय. नाही म्हणू नका."

गादीवाल्याला नाही म्हणता आलं नाही. रात्री त्याने स्वतःच्या उशीवर डोकं ठेवलं. पण अभिनंदनाचे निरोप येत होते, आणि संस्थापकाने प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यावं लागतं.

हिशेब असा झाला. तोच आलेख उलटा धरून दाखवल्यावर भाच्याला चपलांच्या कंपनीत नोकरी मिळाली. तो आता अनवाणी चालणाऱ्यांचा समूह जमवतो आहे. मास्तरांना पुन्हा हजेरी घ्यायला मिळाली. फोमवाल्याला जागा मिळाली. झोप मिळाली ती बारा फितुरांना आणि बायकोला. गादीवाल्याने दुकान दिलं आणि वर स्वतःची झोपही दिली. उरलेली बाकी सदस्य रोज रात्री आपली थोडी थोडी झोप देऊन फेडत आहेत, आणि सदस्य वाढतच आहेत. आपण काही त्यातले नाही, असं तुम्हाला वाटत असेल, तर दिवा मालवल्यावरही तुमच्या तोंडावर कसला उजेड पडलेला असतो, तेवढं एकदा बघा. अर्ज भरायची गरज नाही. तुमची हजेरी लागलेली आहे.