सैल पट्ट्यातलं दुःख

“दुःख कशाशी खातात ते ऐकायचं असेल, तर रविवारी घरी या!” चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या घुबडरावांनी तिथल्या नव्या डॉक्टरांना ऐटीत आमंत्रण दिलं. बारा महिने काळा शर्ट आणि उदास तोंड, म्हणून दुकानाने त्यांचं हे नाव ठेवलेलं. ऐंशीच्या दशकातली गॉथिक रॉकची, म्हणजे काळ्या कपड्यांतल्या उदास इंग्रजी गाण्यांची, एकच कॅसेट हा गृहस्थ तरुणपणापासून ऐकत आलेला, तीही फक्त स्वतःच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर. मोबाईलवर ऐकणं म्हणजे महापाप! घरात तर ती कोणी धड ऐकूनही घेतली नव्हती. आणि आता, केस पिकल्यावर, ती आवडणारा दुसरा माणूस भेटला होता!

रविवारी डॉक्टर येताच रसग्रहण सुरू झालं. “गायक विहिरीच्या तळातून गातो बघा! एकेक शब्द ओढत, थरथरत. दोन ठोक्यांच्या मधे माणसाला आपलं सगळं आयुष्य आठवतं!”

“मला तर ठोके भराभर आठवतात,” डॉक्टर चाचरत म्हणाले.

“तुम्ही मन लावून ऐकलं नसणार!” घुबडरावांनी बटण दाबलं.

गायक शेवटची बस गाठायची असल्यासारखा धावत आला! आवाज खणखणीत, ढोल धडाधड, कडवं एका दमात खलास.

“हेच ते!” डॉक्टरांनी मांडीवर ताल धरला.

“हे नव्हे! टेप बिघडलाय!”

“बिघडला होता,” बायको चहा ठेवत म्हणाली. “परवाच दुरुस्त करून आणला. म्हटलं, पाहुण्यांसमोर तुमची फजिती नको. आतला पट्टा कित्येक वर्षं सैल होता म्हणे, म्हणून कॅसेट रडतखडत फिरायची. अहो, किती छान आहेत गाणी! मी उगाच कान झाकून बसले.”

ती चक्क खुर्ची ओढून बसली. डॉक्टर तिला गाणी समजावू लागले आणि घुबडराव स्वतःच्याच घरात परके झाले. वडील गेले तेव्हा, नोकरी सुटली तेव्हा, ज्या आवाजाने त्यांना सावरलं, त्या आवाजात कोणी कधी गायलंच नव्हतं! संताप आला, रडूही आलं, आणि दोन्ही चहाबरोबर गिळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी टेप काखेत मारून त्यांनी मेकॅनिकचं दुकान गाठलं.

“जुना पट्टा परत बसवा.”

“तो कचऱ्यात गेला, काका.”

“मग हा नवा सैल करून द्या!”

मेकॅनिकला वाटलं, म्हातारा आपल्या कामावर शंका घेतोय. त्याने टेपच्या पाठीवर अभिमानाने थाप मारली.

“बिनधास्त राहा, काका! अस्सल माल टाकलाय. तुमच्या हयातीत सैल पडायचा नाही!”