चेलो कुणाशी बोलत नाही

माझा मेहुणा चांगला माणूस आहे, असं माझी बायको म्हणते. (तिचा सख्खा भाऊ, तिला म्हणावंच लागतं.) एका रविवारी जेवताना त्याने स्ट्रिंग क्वार्टेट लावली. दोन व्हायोलिन, एक जरा मोठा व्हायोला, एक गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. मी सहज विचारलं, "यात गाणं कधी सुरू होतं?"

"राहू द्या भाऊजी," तो म्हणाला. "हा तुमचा प्रांत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, याला याच प्रांतात लोळवायचा.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आलो की हेडफोन चढवायचो. जाडजूड पुस्तकही आणलं. त्यात होतं, सुरुवातीच्या काळात पहिलं व्हायोलिन मिरवायचं आणि बाकीचे तिघे 'हो ला हो' करायचे. पुढे चौघांना बरोबरीचा मान मिळाला, चौघे गप्पा मारू लागले, आणखी पुढे भांडायलाही लागले. मी जुनं ऐकलं, मधलं ऐकलं, नवं ऐकलं. व्हायोलिनं जिवाच्या आकांताने भांडत होती. चेलो मात्र शेजारी कुणी सतरंजी झटकतंय इतपतच.

मला त्या चेलोचा राग येऊ लागला. (कामचुकारपणा मला ऑफिसातही खपत नाही. दुसऱ्यांचा.)

"सगळे सुधारले, हा अजून तिथेच," मी कडाडलो.

"कोण?" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"चेलो."

"त्याचं राहू द्या. मघापासून ओरडतेय, दूध बघा म्हणून. गेलं उतू."

मग मेहुण्याने आम्हाला एका मैफलीला नेलं. मला पहिल्या रांगेत, अगदी डाव्या टोकाची खुर्ची मिळाली. वाजवणं संपल्यावर कलाकारांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी ताडकन उठलो.

"चेलोवाल्या बाई, इतरांशी तुमचं काही बिनसलंय का? संध्याकाळभर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत."

मेहुणा खुर्चीत इतका खाली सरकला की त्याचे फक्त केस दिसत होते. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी शांतपणे गज उचलला आणि एक लांबलचक, खर्जातला सूर लावला.

"आता ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो. "इमारतीत लिफ्ट मात्र चालू आहे."

पुढचा हशा मला चांगलाच ऐकू आला.

सकाळी बायकोने मला कानाच्या डॉक्टरसमोर उभं केलं. "उजवा कान ठार बंद, डावा अर्धवट," डॉक्टर आत डोकावत म्हणाले. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"मला वाटायचं, स्वभावच आहे," बायको म्हणाली.

मळ निघाला. तो डॉक्टरांनी मला दाखवला आणि नर्सलाही बोलावून दाखवला. मी तडक घरी येऊन हेडफोन चढवले. चौघे आले. व्हायोला कण्हत होता, चेलो छातीवर बसून गुरगुरत होता, कुणी कुणाला बोलू देत नव्हतं. दहा मिनिटांत मी हेडफोन भिरकावले.

"का हो, आता तर सगळं ऐकू येतंय ना?" बायको म्हणाली.

"येतंय ना, तेच तर," मी चिडून म्हणालो. "मला आवडत होतं ते निम्मंच."

ती वळली. आत गेली आणि कापसाचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.